मसुदा, अठरावा

किशिनाव. तिसरा मजला, जिना संपतो तिथे डावीकडे.
एकतीस वर्षं मी इथे बसून
देशाचं म्हणणं स्वच्छ टाइप करते.
भिंतीवरच्या चौकटीत अकरावे मंत्री आहेत.
खिळा पहिल्यापासून तोच.

सकाळच्या मसुद्यात संबंध "घनिष्ठ" होते.
अकराला "परंपरागत" झाले,
कारण दक्षिणेतले ते तीन खासदार
रात्रभर फोन उचलत नव्हते
आणि त्या तिघांवाचून सरकार
बुधवारपर्यंतही टिकलं नसतं.
जेवणानंतर एकाने उचलला.
त्याला बंदराचं कंत्राट हवं होतं, मेहुण्यासाठी.
"घनिष्ठ" परत आलं,
पण शेवटच्या परिच्छेदात,
उशिरा आलेल्या पाहुण्याला
दाराजवळची खुर्ची मिळावी तसं.

आघाडीचं घरचंच झालं थोडं,
त्यात व्याह्यानं धाडलं घोडं:
गॅसची थकबाकी, तीस दिवसांची मुदत,
खाली शिक्का, शिक्क्याखाली सही,
सहीखाली "आदरपूर्वक".

एकदा, सातव्या मंत्र्यांच्या काळात,
मी "तीव्र" हा शब्द टाइप केला होता.
तीव्र निषेध.
तो निषेध खरं तर राजधानीच्या दोन मतदारसंघांसाठी होता,
जिथे साहेबांचा माणूस चारशे मतांनी मागे होता.
पण सीमेपलीकडे कुणीतरी तो वाचला,
आणि वाचला तसाच धरला.
सफरचंदांचे ट्रक रांगेत अडकले.
कारण लिहून आलं: कीड.
कीड होतीच,
सफरचंदात नव्हती एवढंच.
माझा चुलत भाऊ एउजेन आठ दिवस केबिनमध्ये झोपला.
परत आला तेव्हा त्याच्या कोटाला
सायडरचा वास होता.
मला म्हणाला, तुमच्याकडे दुसरा शब्द नव्हता का गं?

होता. "खेद" होता. तिसऱ्या मसुद्यात.

माझी आई सोरोकाजवळच्या गावात राहते.
तिचा एक मुलगा पार्मात हॅम कापतो,
दुसरा स्मोलेन्स्ककडे छपरं घालतो.
दोघांचे फोटो तिने टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवलेत.
मधोमध टीव्ही ओरडतो.
ईस्टरला दोघे आले की मिठाच्या भांड्यावरून सुरू होतं
आणि सैन्यापर्यंत जातं.
आई काही बोलत नाही.
भांडं उचलते, आपल्या पुढ्यात ठेवते,
आणि ज्याला हवं त्याला मागावं लागतं.
आमच्या राजदूतांपैकी कुणाला हे जमलेलं
मी पाहिलेलं नाही.

मतदानाच्या दिवशी ती कुणाला मत देते
हे आम्हा तिघांनाही माहीत नाही.
परवा फोनवर म्हणाली:
झिना, मीटर धावतोय.
एका खोलीतच शेकोटी ठेवलीय.
तुझ्या साहेबांना विचार ना एकदा,
आपण नेमके कुणाचे?
मी म्हटलं, आई, बैठक चालू आहे.

संध्याकाळी पाच-चाळीस. अठरावा मसुदा गेला.
मी कोट घातला, ट्रॉलीबस पकडली.
चालकाने रेडिओ मोठा केला
आणि निवेदक ते वाचू लागला,
जड आवाजात, जणू आत्ताच त्याला सुचलं असावं.
पहिला परिच्छेद. दुसरा.
मी ओठांनी पुढची ओळ म्हणत होते.
तिसऱ्यानंतर हवामान सुरू झालं.
वेळ संपली असेल.
चौथा परिच्छेद, ते तीन खासदार, तो मेहुणा,
ती दाराजवळची खुर्ची,
सगळं कुठल्याशा घड्याळाच्या काट्याखाली गेलं.

आता रात्री कुणीतरी पलीकडे
त्या न वाचलेल्या शब्दाचा अर्थ लावत बसेल.
उद्या एकोणिसावा.

बाजूच्या बाईने पिशवीतला दुधी भोपळा
एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.
माझा फोन वाजला.
"ऐकलं मी," आई म्हणाली.
"छान वाचलं त्याने.
गॅसचं काही बोलला नाही."